आकड्यांना नाव-गाव हवे
(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आरती झाल्यावर आणि पाने मांडण्याआधीची वेळ वक्त्याला देणे हा आपल्या मंडळाचा जुना शिरस्ता आहे. त्यामुळे वक्ता आपोआप आवरते घेतो. पत्रिकेत 'मार्कअप भाषा आणि विज्ञान' असे छापलेले पाहून काहींनी मागच्या खुर्च्या धरल्या आहेत, पण विषय तसा घरगुती आहे.

आपण बहुतेक जण बदलीने किंवा नोकरीनिमित्त इथे आलो. सामान बांधताना खोक्यांवर काय लिहितो? 'स्वयंपाकघर', 'काच, जपून', 'ही बाजू वर'. खोक्यात डबा आणि डब्यावर चिठ्ठी 'मेतकूट'. इथल्या हमालाला ती वाचता येत नाही, हा भाग वेगळा. पण तो मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. मार्कअप म्हणजे माहितीच्या प्रत्येक डब्याला अशी चिठ्ठी लावणे.

हा शब्द छापखान्यातला. हस्तलिखितावर संपादक खुणा करी : हे ठळक, हे मध्ये घ्या. १९६९ साली आयबीएममध्ये गोल्डफार्ब, मोशर आणि लोरी यांनी त्याला वेगळे वळण दिले. 'हे कसे दिसावे' हे सांगण्याऐवजी 'हे काय आहे' ते सांगा. 'ठळक' न लिहिता 'मथळा' लिहा. मथळा कसा दिसायचा ते ज्याचे त्याने ठरवावे. त्यातून १९८६ साली एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय प्रमाण आले आणि १९९८च्या फेब्रुवारीत त्याचे सुटसुटीत रूप, एक्सएमएल. यात चिठ्ठ्यांची नावे आपली आपण ठरवायची. ती देवनागरीतही चालतात. उदाहरणार्थ :

<तापमान एकक="सेल्सिअस">३७.२</तापमान>

नुसते ३७.२ लिहिले तर ते तापमान की वजन, हे आपण संदर्भाने ओळखतो. यंत्र ओळखत नाही. आणि कधी कधी माणूसही ओळखत नाही. १९९९ साली नासाचे मंगळाकडे निघालेले क्लायमेट ऑर्बिटर हे यान नष्ट झाले. एका संगणक-प्रणालीने आवेगाचे आकडे पाउंड-सेकंदांत दिले, तर दुसरीने ते न्यूटन-सेकंद समजून वापरले. फरक सुमारे साडेचार पटींचा. २३ सप्टेंबरला यान मंगळापासून सुमारे २२६ किलोमीटरवरून जायचे होते, ते ५७ किलोमीटरपर्यंत खाली आले. गणित कोणाचेच चुकले नव्हते. आकड्याबरोबर एकक गेले नव्हते.

दुसरे उदाहरण आपल्या टेबलावरचे आहे. माणसाच्या एका जनुकाचे नाव होते 'मार्च-१', दुसऱ्याचे 'सेप्ट-२'. शास्त्रज्ञ ही यादी एक्सेलमध्ये उघडत आणि एक्सेल मोठ्या प्रेमाने त्यांच्या तारखा करून टाकी : १ मार्च, २ सप्टेंबर. ही अडचण २००४ साली छापून आली होती. २०१६ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी जनुकांच्या याद्या जोडलेले हजारो शोधनिबंध तपासले, तेव्हा सुमारे पाचात एका निबंधाच्या यादीत अशा तारखा सापडल्या. बारा वर्षे सगळ्यांना माहीत असूनही! शेवटी २०२० साली जनुकांना नावे देणाऱ्या समितीने जनुकांचीच नावे बदलली. 'मार्च-१' झाले 'मार्चएफ-१'. एक्सेलला आपोआप होणारे हे बदल बंद करण्याची सोय आली २०२३ साली. 'हे जनुकाचे नाव आहे' एवढी चिठ्ठी प्रत्येक रकान्यासोबत प्रवास करती, तर यातले काहीच घडले नसते.

आता रसायनशास्त्राकडे येतो. पीटर मरे-रस्ट आणि हेन्री झेपा या दोघांनी १९९०च्या दशकात केमिकल मार्कअप लँग्वेज, म्हणजे सीएमएल, तयार केली. यात अणू, बंध, वर्णपट या सगळ्यांना चिठ्ठ्या. शोधनिबंधात रेणूचे चित्र छापण्याऐवजी रेणूच द्यायचा, म्हणजे वाचणाऱ्याचा संगणक तो फिरवील, त्याचे वजन काढील, दुसऱ्या निबंधातल्या रेणूशी ताडून पाहील. कल्पना उत्तम. गणितासाठी मॅथएमएल १९९८ साली आली, पेशींतल्या प्रक्रियांच्या प्रतिमानांसाठी एसबीएमएल २००१ साली. एसबीएमएल चांगली रुजली. सीएमएल मात्र तिच्या योग्यतेइतकी पसरली नाही, असे माझे मत आहे. आजही कितीतरी प्रबंधांत वर्णपट म्हणजे पीडीएफमधले चित्र असते. विद्यार्थ्याने चार वर्षे खपून मिळवलेले आकडे त्या चित्रात अडकतात आणि पुढचा विद्यार्थी पट्टी लावून ते पुन्हा मोजतो. कारण साधे आहे. चिठ्ठी लावायचे कष्ट एकाचे आणि फायदा दुसऱ्याचा. शिवाय चिठ्ठीवर काय लिहायचे यावर एकमत व्हावे लागते. मघाचा हमाल आठवा.

हे एकमत स्फटिकशास्त्रज्ञांनी साधले. त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९९१ साली सीआयएफ हा नमुना प्रसिद्ध केला. त्यात एक्सएमएलचे टोकदार कंस नाहीत, पण तत्त्व तेच : प्रत्येक आकड्याला नाव, आणि त्या नावाची व्याख्या सर्वांना खुल्या असलेल्या शब्दकोशात. फाइल प्रयोगाच्या प्रणालीतूनच तयार होऊन बाहेर पडते, म्हणजे कष्ट नाहीत. आणि ती दिल्याशिवाय संघटनेची नियतकालिके निबंध घेत नाहीत, म्हणजे सुटका नाही. मला विचाराल तर यश आले ते या दोन गोष्टींमुळे, कंसांमुळे नाही. याचा एक अनपेक्षित फायदा झाला. यंत्राला वाचता येणारे आकडे एकमेकांशी ताडता येतात. तसे ताडताना असे दिसले, की काहींनी एकच खरी मोजणी घेऊन त्यातले एक-दोन अणू बदलले आणि 'नवे' पदार्थ म्हणून छापले. २०१०च्या सुरुवातीला एका नियतकालिकाने अशा किमान ७० रचना बनावट असल्याचे जाहीर केले. छापील तक्त्यांत ते कोणाला दिसले असते?

प्रथिनांची गोष्ट याच घराण्यातली. प्रोटीन डेटा बँक १९७१ साली सात रचनांवर सुरू झाली. तिचा जुना नमुना पंचकार्डाच्या ८० रकान्यांचा होता. अणूच्या क्रमांकाला पाचच जागा, म्हणजे ९९,९९९च्या पुढे मोजता येत नसे. रायबोसोममध्ये त्याहून जास्त अणू. वेंकटरामन रामकृष्णन यांना ज्या कामासाठी २००९चे नोबेल मिळाले, त्या रायबोसोमच्या रचना अनेक फाइलींत तुकडे करून ठेवाव्या लागत! २०१४ पासून सीआयएफच्या धर्तीच्या नव्या नमुन्यात त्या सलग बसू लागल्या. पुढे अल्फाफोल्डला प्रथिनांचे आकार ओळखायला शिकवले ते याच बँकेतल्या सुमारे १,७०,००० रचनांवर, आणि त्या कामाला २०२४च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. पन्नास वर्षे ज्यांनी निमूटपणे चिठ्ठ्या लावल्या, त्यांची नावे त्या यादीत नाहीत.

आपल्याही घरात असेच एक कपाट आहे. युनिकोड रुळण्याआधीच्या स्मरणिका त्या काळच्या फॉन्टमध्ये जुळवलेल्या असत. संगणकाला त्यात 'क' माहीत नव्हता, फक्त त्याचा आकार माहीत होता. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर अशी फाइल उघडली तर अगम्य चिन्हे दिसतात. फॉन्टच्या नावाची चिठ्ठी सीडीवर असेल तर ती युनिकोडमध्ये बदलता येते, तशा प्रणाली आहेत. नसेल तर छापील अंक समोर ठेवून टंकलेखन. चिटणीसांना विनंती आहे, की ज्यांच्याकडे जुन्या सीडी असतील त्यांच्याकडून त्या दिवाळीपूर्वी मागवाव्यात, आणि घेताना वर्ष व फॉन्टचे नाव विचारून वर लिहून घ्यावे. महाविद्यालयात जाणारी दोन-तीन मुले आणि एखादा रविवार पुरेल. पाने मांडली गेली असे दिसते आहे, तेव्हा प्रश्न जेवताना.