रॅपचें मासिक आणि त्याची परीक्षा

जुहूच्या वाळूला संपादकाचें काम नवें नाहीं. १९२४ च्या जानेवारींत पुण्याच्या ससून रुग्णालयांत महात्मा गांधींवर आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली, पुढच्या महिन्यांत सरकारनें त्यांस मुक्त केलें, आणि विश्रांतीसाठीं ते जुहूस येऊन राहिले. विश्रांति नांवाचीच. एप्रिलमध्यें त्यांनीं 'यंग इंडिया' आणि 'नवजीवन' या पत्रांचें संपादन पुन्हां हातीं घेतलें. या दोन्ही पत्रांत जाहिराती छापीत नसत, ही गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

आज त्याच जुहूच्या पाठीशीं, विलेपार्ल्याच्या बाजूस, महाविद्यालयांची दाटी आहे. वृत्तविद्या शिकणाऱ्या विद्यार्थ्यांस एखादें नियतकालिक स्वतः आंखून, लिहून, छापून दाखविण्याचें काम अभ्यास म्हणून दिलें जातें. अशा विद्यार्थ्यास विषय निवडण्याची मोकळीक दिली आणि त्यानें रॅप निवडला, तर कपाळास आंठ्या घालण्याचें कारण नाहीं. तें संगीत त्याच्या शेजारचेंच आहे. रेल्वेचे रूळ ओलांडून अंधेरीच्या पूर्वेस गेलें कीं जे. बी. नगर लागतें; तेथें वाढलेला विवियन फर्नांडिस 'डिव्हाइन' या नांवानें गातो. कुर्ल्याचा नावेद शेख 'नेझी' झाला. त्यानें आपलें 'आफत' हें गीत २०१४ सालीं एका आयपॅडवर चित्रित केलें. पुढच्या वर्षीं दोघांचें 'मेरे गली में' गाजलें, आणि २०१९ मध्यें या दोघांच्या आयुष्यावरून स्फुरलेला झोया अख्तरचा 'गली बॉय' हा चित्रपट जगभर गेला. त्याच वर्षीं 'स्वदेशी' या मुंबईच्या चमूनें आरे येथील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन 'द वारली रिव्होल्ट' हें गीत काढलें.

रॅप म्हणजे तालाच्या ठेक्यावर यमकें साधीत केलेलें वेगवान पठण. त्याच्या जन्माची तिथि सांगतात ती ११ ऑगस्ट १९७३. स्थळ न्यूयॉर्कमधील ब्रॉन्क्स. आमचा पोवाडा तो हाच, असें म्हणण्याचा मोह जुन्या माणसांस होतो. साम्य आहे, परंतु शाहीर बहुधा दुसऱ्याचा पराक्रम गातो, आणि हा पोरगा स्वतःचें नांव, स्वतःची गल्ली, स्वतःच्या घरची भाड्याची खोली गातो. म्हणूनच त्याच्याविषयीं छापणाराची जबाबदारी मोठी. वस्तु गल्लींतली आहे, आणि तिचे फोटो काढणारे, तिचे चित्रपट करणारे पुष्कळसे जुहूकडचे आहेत. या दोहोंच्या मध्यें विद्यार्थ्याचें सोळा पानांचें मासिक उभें राहतें. तें गल्लीची नोंद होणार कीं जुहूची जाहिरात, हा खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न दुसऱ्या विद्यार्थ्यांपुढें पूर्वींच येऊन गेला आहे. १९८८ सालीं अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत डेव्हिड मेझ आणि जोनाथन शेक्टर या दोघां विद्यार्थ्यांनीं 'द सोर्स' नांवाचें एक लहानसें वार्तापत्र काढलें. मेझ विद्यार्थ्यांच्या नभोवाणी केंद्रावरून रॅपचा कार्यक्रम करीत असे. हें वार्तापत्र त्याच्याच श्रोत्यांसाठीं होतें. कानांनीं ऐकणारास हातांत कांहीं कागद द्यावा, इतकीच मूळ कल्पना. थोड्याच वर्षांत तें न्यूयॉर्कला गेलें आणि त्या संगीताचें प्रमाणग्रंथच होऊन बसलें. त्यांचें गुणमापन प्रसिद्ध होतें: नव्या ध्वनिमुद्रिकेस एकापासून पांचपर्यंत मायक्रोफोन. पांच मायक्रोफोन क्वचितच मिळत. नॅस या तरुण गायकाच्या पहिल्याच संग्रहास १९९४ सालीं ते मिळाले, तेव्हां त्याचा केवढा गवगवा झाला!

आणि त्याच १९९४ मध्यें घर फुटलें. बोस्टनच्या ज्या गायकचमूशीं मेझचे निकटचे संबंध होते, त्या चमूवरचा लेख संपादकांस न कळवितां अंकांत घातला गेला. प्रमुख संपादक सोडून गेले. त्यांत शेक्टरही होता. लेख चांगला कीं वाईट, हा वादच नव्हता. तो कोणाच्या सांगण्यावरून तेथें आला, हें वाचकापासून लपलेलें होतें. जाहिरात न घेणाऱ्या जुहूच्या त्या संपादकाची आठवण येथें होते. विद्यार्थ्याच्या अंकास आज कदाचित् कपड्याचें दुकान किंवा चहाचें उपाहारगृह पैसे देईल. घेऊं नयेत असें नाहीं, पण ज्या गायकाचा मित्र संपादकमंडळांत आहे त्याच्या परीक्षणाखालीं ती मैत्री छापली पाहिजे. एक ओळ पुरते.

आतां मांडणीकडे वळूं. मराठी शाळांतून हस्तलिखित मासिकाची चाल फार जुनी. वर्गांतील सर्वांत सुवाच्य अक्षराचा मुलगा सगळा अंक उतरून काढी, चित्रकलेचे मास्तर मुखपृष्ठ रंगवीत, मुख्याध्यापक आशीर्वाद लिहीत, आणि स्नेहसंमेलनानंतर अंक कांचेच्या कपाटांत कुलूपबंद होई. वाचला कोणीं, हें कोणी विचारीत नसे. त्या चालीच्या पलीकडचें उदाहरण म्हणजे विसाव्या शतकाच्या सहाव्या दशकांत दिलीप चित्रे व त्यांच्या तरुण मित्रांनीं मुंबईंत काढलेलें 'शब्द' हें चक्रमुद्रित नियतकालिक. कागद साधा, छपाई साधी. पण अंक कपाटासाठीं नव्हता.

रॅपच्या मासिकांत पहिली अडचण लिपीची येते. ही मुलें आपलीं गीतें फोनवर बहुधा रोमन अक्षरांत लिहितात. रोमन अक्षरांत 'ळ' नाहीं, 'ण' आणि 'न' एकच होतात, र्‍हस्वदीर्घाचा पत्ता लागत नाहीं. मराठी ओळ देवनागरींत बसविली कीं तिचा नाद डोळ्यांस दिसूं लागतो. परंतु ती बसवितांना गायकास समोर बसवून उच्चार विचारून घ्यावा लागतो. शिक्षकाची लाल शाई येथें फार घात करते. 'आपुन' चें 'आपण' केलें तर एक मात्रा इकडची तिकडे होते आणि बोलणारा माणूसच बदलतो. शुद्धलेखनाचे नियम संपादकीयास लावावेत, गीतास नव्हे. शिव्यांचा प्रश्न उरतो. त्या छापावयाच्या कीं फुल्या घालावयाच्या, हें मंडळानें एकदांच ठरवून सर्वांस सारखें लागू करावें. गल्लीच्या गायकास फुल्या आणि नामांकितास मोकळीक, असें होऊं नये.

दुसरी गोष्ट ओळींची. रॅपचें एक चरण साधारणपणें चार ठेक्यांचें असतें. छापणारानें जागा वांचविण्यासाठीं गीत गद्यासारखें सलग ओढलें, किंवा रकाना अरुंद म्हणून चरण मध्येंच मोडलें, तर यमक हरवतें. चरण संपेल तेथेंच ओळ संपली पाहिजे, मग रकाना रुंद करावा लागला तरी चालेल. याची परीक्षा सोपी आहे. ज्यानें तें गीत कधीं ऐकलें नाहीं अशा मनुष्यास छापील पान मोठ्यानें वाचावयास द्यावें आणि शेजारच्यानें टाळी धरावी. दुसऱ्या-तिसऱ्या ओळींत वाचणारास ठेका सांपडला तर जुळणी बरोबर. सांपडला नाहीं, तर मुखपृष्ठ कितीही झळकत असो, पान फसलें. मात्र संपूर्ण गीत छापावयाचें तर कवीची लेखी परवानगी हवी. १९५७ च्या स्वामित्वहक्काच्या कायद्यानें परीक्षणासाठीं वाजवी उतारा घेण्याची मुभा आहे, अख्खें गीत उचलण्याची नाहीं.

बाकीच्या गोष्टी थोडक्यांत. मधोमध टांचणाऱ्या अंकाचीं पानें चारांच्या पटींत असावीं लागतात. हें विसरल्यानें शेवटीं दोन कोरीं पानें उरतात आणि तीं भरण्यासाठीं विनोद शोधावे लागतात. देवनागरीस वर वेलांटी, खालीं उकार. म्हणून इंग्रजीपेक्षां ओळींत अंतर अधिक ठेवावें. गर्दीच्या छायाचित्रावर पांढरीं अक्षरें वाचतां येत नाहींत. आणि छायाचित्रांतील गायकास उसन्या मोटारीस टेकवून उभें करूं नये. त्याच्या दारांतला प्रकाश पुरेसा असतो.

अंक तयार झाल्यावर त्याचें मूल्यमापन. शिक्षक गुण देतात ते मुखपृष्ठ, अनुक्रमणिका, मधलीं दोन पानें पाहून. हें अगदींच चूक नाहीं, कारण पानांची शिस्त शिकवावीच लागते. पण रॅपचें मासिक कोणासाठीं आहे, हें त्यांत तपासलें जात नाहीं. विद्यार्थ्यास स्वतःचें परीक्षण लिहावयास सांगतात, तेव्हां तो बहुधा "वाचकांस अंक फार आवडला" असें लिहितो. आवडला का, म्हणून विचारल्यावर आपल्याकडे कोण नाहीं म्हणणार? विचारूं नये, पाहावें. दहा प्रति घ्याव्यात: एक ज्याच्यावर लेख आहे त्या गायकास, एक त्याच्या आईस, एक चहावाल्यास, एक अंधेरी स्थानकावर लोकलची वाट पाहणाऱ्या अनोळखी मुलास, आणि एक ज्याला रॅप मुळींच रुचत नाहीं त्यास. कोण कोणत्या पानावर थांबला, कोणीं दोन पानें एकदम उलटलीं, कोणीं अंक घडी करून खिशांत घातला आणि कोणीं त्यावर वडापाव ठेवला, हें टिपून ठेवावें. गायकाच्या आईनें जर आपल्या मुलाविषयींचा मजकूर वाचून एखाद्या वाक्यावर बोट ठेवलें, तर तें वाक्य पुन्हां तपासावें. बहुधा तेथें लेखकानें गरिबीस जरा अधिक रंग दिलेला असतो.

अशा नोंदींतून जें परीक्षण लिहिलें जाईल त्यांत चुका असतील, आणि चुका लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण कापण्याची संवय शिक्षकांनीं सोडली पाहिजे. ज्यानें आपल्या अंकांतील तीन दोष जागा दाखवून सांगितले, त्याला निर्दोष अंकाची बढाई मारणारापेक्षां अधिक गुण मिळावेत.

राहतां राहिली प्रतींची गोष्ट. हीं गीतें फोनवर ऐकलीं जातात. फोन बदलला, खातें बंद पडलें, कीं तीं गेलीं. न्यूयॉर्कच्या त्या आरंभीच्या नृत्यसभांचीं हातांनीं चितारलेलीं पत्रकें त्या काळीं लोकांनीं रस्त्यावर टाकून दिलीं. २००७ पासून कॉर्नेल विद्यापीठाचें ग्रंथालय तीं जपून ठेवीत आहे. जुहूच्या विद्यार्थ्याच्या अंकांत गायकाचें नांव, गल्लीचें नांव, गीत केव्हां रचलें ती तारीख आणि परवानगी कोणीं दिली, एवढ्या चार गोष्टी मागच्या पानावर बारीक अक्षरांत असाव्यात. दहा प्रति वाटल्यावर अकरावी महाविद्यालयाच्या ग्रंथालयांत द्यावी, बारावी गायकाच्या घरीं. तेथें ती बहुधा देव्हाऱ्याच्या फळीवर किंवा कपाटांतल्या कपड्यांखालीं जाईल. पण तें कपाट शाळेंतल्यासारखें कुलूपबंद नसतें.