अकरावीच्या अर्जातला एक रकाना



सरकारी अहवाल हौसेने वाचणारी माणसे थोडी. पण शालेय शिक्षणाचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २०२३ साली आला, तेव्हा मी तो वाचला. डॉ. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्यात शिक्षणाची पाच उद्दिष्टे सांगितली आहेत. विवेकी व स्वतंत्र विचार, आरोग्य, लोकशाहीतला सहभाग, आर्थिक सहभाग आणि सांस्कृतिक सहभाग. नाव ठेवायला जागा नाही.

पण मूल अकरावीत गेले की घरात या पाचांपैकी एकच उद्दिष्ट उरते, आर्थिक. नाव एका कनिष्ठ महाविद्यालयात, हजेरी मात्र क्लासमध्ये. आईबापांना तरी काय बोलणार? वैद्यकीयच्या एका जागेसाठी किती मुले रांगेत असतात, हे त्यांना ठाऊक असते.

मला बोलायचे आहे ते भाषेविषयी. अकरावी-बारावीला दोन भाषा असाव्यात आणि त्यांतली निदान एक भारतीय असावी, असे हा आराखडा म्हणतो. आपल्याकडे बारावीला इंग्रजीखेरीजच्या दुसऱ्या भाषेऐवजी माहिती तंत्रज्ञान घेण्याची सोय वर्षानुवर्षे राहिली आहे. मराठी सक्तीचा २०२० चा कायदाही दहावीपाशी थांबतो. त्यामुळे विज्ञान शाखेतली कितीतरी मुले सोळाव्या वर्षी मराठीचा निरोप घेतात. कारण विचारा, उत्तर ठरलेले. 'आयटी स्कोरिंग आहे, सर.'

सोळावे वर्ष म्हणजे माणूस पहिल्यांदा घरच्यांशी मनापासून वाद घालू लागतो ते वय. देव, जात, प्रेम, पैसा, सगळ्यांविषयी त्याला प्रश्न पडतात. स्वतंत्र विचार हे पहिले उद्दिष्ट ना? मग तो विचार करायला ज्या शब्दांची गरज आहे, ते नेमके याच वयात काढून घ्यायचे?

'तुम्ही मुसलमान, मग मराठीत कसे लिहिता?' असे मला अजून विचारतात. आमच्या घरात आई दखनी बोलायची आणि भाजीवालीशी मराठी. मला दोन्ही आपल्याच वाटल्या. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीतच लिहिला, हे विचारणाऱ्याला सांगावे लागते. सांस्कृतिक सहभाग या जड शब्दाचा माझ्यापुरता अर्थ एवढाच, की असा प्रश्न कुणाला सुचूच नये. आणि तो सुचू नये, तर शेख महंमद मुलांना वाचायला मिळायला हवेत, कळण्याच्या वयात.

दोष मुलांच्या माथी मारू नये. मराठीच्या तासालाही बरेचदा तयार रसग्रहण लिहून दिले जाते. कवितेविषयी स्वतःचे मत मांडले तर गुण जातील, ही भीती मुलांना असते आणि ती अगदीच खोटी नाही. अशा पेपरापेक्षा संगणकाचा पेपर प्रामाणिक वाटला, तर नवल काय? आधी मराठीच्या प्रश्नपत्रिकेत मुलाच्या मताला जागा करा. मग अर्जातल्या त्या रकान्यात तो काय भरतो, ते पाहू.