अंतिम फेरीची तयारी घरापासून

(परभणी येथे पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी जिल्हा परिषदेच्या शाळेत 28 वर्षे इंग्रजी शिकवले. विमानात एकदाच बसलो, हजला जाताना आणि येताना. त्यामुळे विमानाच्या नोकरीवर मी बोलावे हे ऐकून घरात सगळे हसले. पण संयोजकांना माहीत आहे की माझी भाची विमान चालवते. पाच वर्षांपासून ती एका भारतीय कंपनीत फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट आहे. पुढच्या महिन्यात आखातातल्या एका मोठ्या विमान कंपनीत तिची अंतिम फेरी आहे. ती सुट्टी काढून परभणीला आली आहे आणि रोज संध्याकाळी माझ्या बैठकीत तयारी करते आहे. प्रश्न मी विचारतो, उत्तरे ती देते. तिचे नाव घ्यायचे नाही, असे तिने मला बजावले आहे. बाकी सगळे सांगायची परवानगी दिली आहे.

आधी मुलांसाठी कामाच्या चार गोष्टी सांगतो. वैमानिक व्हायला बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागते. व्यावसायिक परवाना, ज्याला सीपीएल म्हणतात, तो वयाची 18 वर्षे पूर्ण झाल्यावर मिळतो आणि त्यासाठी 200 तासांचे उड्डाण लागते. डीजीसीएच्या लेखी परीक्षा असतात: दिशादर्शन, हवामान, नियम, विमानाचे तंत्र. रेडिओवर बोलण्याचा परवाना वेगळा. खर्च पन्नास लाखांच्या घरात जातो. माझ्या मेव्हण्यांनी त्यासाठी शेत विकले. म्हणून पालकांना हात जोडून सांगतो, संस्थेची फी भरण्याआधी मुलाची डीजीसीएच्या नियमाप्रमाणे वैद्यकीय तपासणी करून घ्या. रंग नीट ओळखता येत नाहीत, हे पैसे भरल्यावर कळले तर उपयोग नाही.

ही झाली सुरुवात. परदेशातल्या कंपनीची अंतिम फेरी वेगळी असते. तिथे पोचलेल्या प्रत्येकाकडे परवाना असतो, हजारो तासांचा अनुभव असतो. लॉगबुकातली बेरीज तपासतात, सिम्युलेटरवर बसवतात, चार-पाच अनोळखी उमेदवारांना एकत्र बसवून एखादी अडचण सोडवायला देतात. शेवटी एक कॅप्टन आणि एक मनुष्यबळ विभागाचा अधिकारी समोर बसतात. ते विमानाबद्दल थोडेच विचारतात. जास्त विचारतात ते माणसाबद्दल. तुमची चूक झाली तो प्रसंग सांगा. वरिष्ठांशी मतभेद झाला तो प्रसंग सांगा. कुणाची मदत मागितली तो प्रसंग सांगा.

माझी भाची गेल्या वर्षी अशाच एका फेरीतून परत आली. सिम्युलेटर चांगला झाला होता. मुलाखतीत विचारले, तुम्ही कॅप्टनला कधी अडवले आहे का? ती म्हणाली, माझे सगळे कॅप्टन फार चांगले होते, तशी वेळ आली नाही. समोरच्या कॅप्टनने तोच प्रश्न तीन तऱ्हांनी विचारला. तिने तिन्ही वेळा तेच उत्तर दिले. त्याने फाइल मिटली.

यंदा मी हाच प्रश्न बैठकीत विचारला. पहिल्या दिवशी तेच उत्तर आले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी शिक्षकाच्या आवाजात म्हणालो, पाच वर्षांत एकदाही नाही? तेव्हा ती गप्प झाली आणि मग म्हणाली, "मामू, बड़ों की गीबत कैसे करूं?"

मित्रांनो, गीबत म्हणजे माणसाच्या पाठीमागे त्याची निंदा. ती करू नये हे आपण मुलांना लहानपणापासून शिकवतो, आणि ते बरोबरच आहे. पण त्या एका शब्दाखाली माझ्या भाचीने एक खरी गोष्ट झाकून ठेवली होती. ती तुम्हाला सांगतो.

विमान उतरताना नियम असा असतो की जमिनीपासून एक हजार फुटांवर येईपर्यंत वेग, उतार, चाके, फ्लॅप सगळे ठरल्याप्रमाणे बसले पाहिजे. बसले नाही तर उतरायचे नाही. विमान पुन्हा वर न्यायचे आणि चक्कर मारून परत यायचे. याला गो-अराउंड म्हणतात. त्या दिवशी वेग जास्त होता. विमान कॅप्टन चालवत होते आणि हिचे काम लक्ष ठेवून सांगण्याचे होते. तिने वेगाचा इशारा दिला, पण पुटपुटल्यासारखा. कॅप्टनचे लक्ष गेले नाही. दुसऱ्यांदा दिला, तोही तसाच. तिसऱ्यांदा ती मोठ्याने म्हणाली, गो-अराउंड. कॅप्टनने लगेच विमान वर घेतले. दहा-पंधरा मिनिटांनी सुखरूप उतरले. उतरल्यावर कॅप्टन एवढेच म्हणाले, बरोबर केलेस.

मी म्हणालो, अगं, हेच तर त्यांना ऐकायचे होते! एवढ्यात माझी आपा, म्हणजे तिची आई, चहा घेऊन दारात उभी होती. आपा सातवी शिकलेली, शिलाई मशीन चालवून घर सांभाळलेली. तिने विचारले, "फिर पैली बार में ज़ोर से क्यूं नै बोली?"

भाची म्हणाली, "डर गई थी अम्मी. बड़े थे ना वो."

आपाने विचारलेला प्रश्न मलाही सुचला नव्हता. मुलाखत घेणाऱ्यांना नेमके तेच हवे असते. तुम्ही शूर होता का, हे त्यांना ऐकायचे नसते. तुम्ही कुठे कचरलात, का कचरलात आणि त्यानंतर स्वतःत काय बदल केलात, हे त्यांना ऐकायचे असते.

ते असे का विचारतात? त्यामागे माणसांचे मृत्यू आहेत. 27 मार्च 1977 रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जम्बो विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळली. 583 माणसे गेली. त्यातल्या एका विमानाचा कॅप्टन कंपनीतला अत्यंत ज्येष्ठ, दुसऱ्या वैमानिकांना शिकवणारा. परवानगी नसताना त्याने उड्डाण सुरू केले. समोरचे विमान धावपट्टीवरून हटले का, अशी शंका त्याच्या फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली. कॅप्टनने ती उडवून लावली. इंजिनिअर पुन्हा बोलला नाही. अशा अपघातांनंतर, 1979 मध्ये अमेरिकेच्या नासा संस्थेने भरवलेल्या कार्यशाळेपासून, कॉकपिटमधल्या माणसांनी एकमेकांशी कसे बोलावे याचे रीतसर प्रशिक्षण आकाराला आले. आज जगभरच्या वैमानिकांना ते घ्यावे लागते. धाकट्याने बोललेच पाहिजे आणि थोरल्याने ऐकलेच पाहिजे, हा त्याचा गाभा.

दुसरा अपघात आपल्या देशातला. 12 नोव्हेंबर 1996 रोजी दिल्लीजवळ चरखी दादरीच्या आकाशात सौदी आणि कझाकस्तानचे विमान एकमेकांना धडकले. 349 जण गेले. सौदी विमानात आखातात मजुरीला निघालेले आपले कितीतरी भाऊबंद होते. कझाक विमानाला 15,000 फुटांवर थांबायला सांगितले होते, सौदी विमानाला 14,000 वर. कझाक विमान खाली आले. कझाक वैमानिकांचे इंग्रजी कच्चे होते आणि टॉवरशी बोलायचे ते त्यांचा रेडिओ ऑपरेटर, हे चौकशीत पुढे आले. 2008 पासून आंतरराष्ट्रीय उड्डाण करणाऱ्या वैमानिकाला इंग्रजीची किमान चौथी पातळी सिद्ध करावी लागते. यात उच्चार, व्याकरण, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि संवाद या सहा गोष्टी तपासतात. साहेबासारखे बोलता येते का, हे कुणी पाहत नाही. ऐकणाऱ्याला कळते का, न कळल्यास पुन्हा विचारता का, हे पाहतात. माझी भाची सातवीपर्यंत उर्दू माध्यमात आणि पुढे मराठी माध्यमात शिकली. तिचे इंग्रजी परभणीचे आहे आणि टॉवरला ते व्यवस्थित कळते. मुलांनो, तुमच्या जिभेची लाज सोडा. "पुन्हा सांगा" म्हणायची लाज तर आधी सोडा.

आता माझ्यावरच येतो. 28 वर्षांत माझ्या वर्गात एखाद्या मुलाने "सर, फळ्यावर चुकले" म्हटले, तर मी काय केले? खरे सांगतो, पहिली कितीतरी वर्षे मी त्याला खाली बसवले. भाची लहानपणी उलट बोलली की "ज़बान चलाती है" म्हणून तिला गप्प करणाऱ्यांत मीही होतो. कॉकपिटमध्ये तिचा आवाज पुटपुटल्यासारखा निघाला, त्यात माझाही वाटा आहे.

आपल्याकडे वाज़मध्ये एक किस्सा नेहमी सांगतात. खलिफा हज़रत उमर मेहेरच्या रकमेवर मर्यादा घालू लागले, तेव्हा मशिदीत एक बाई उठून म्हणाली, हा अधिकार तुम्हाला नाही. आणि खलिफांनी भरसभेत कबूल केले की बाईचे बरोबर, उमरचे चुकले. हा किस्सा ऐकून आपण माना डोलावतो. घरी आल्यावर सुनेने तोंड उघडले की तिला उद्धट म्हणतो. सूरह निसामध्ये न्यायाची साक्ष स्वतःविरुद्ध, आईवडिलांविरुद्ध गेली तरी द्यावी, अशी शिकवण आहे. मी भाचीला तेच म्हणालो. कॅप्टनचे नाव घेऊ नकोस, कंपनीचे घेऊ नकोस, त्याची उणीदुणी काढू नकोस. तू काय पाहिलेस, तू काय केलेस, तू कुठे कमी पडलीस, एवढेच सांग. ही गीबत नाही, ही गवाही आहे.

मग आम्ही उत्तर बांधले. चार भाग: परिस्थिती काय होती, माझी जबाबदारी काय होती, मी काय केले, परिणाम काय झाला. दीड मिनिटात संपवायचे. आणखी एक खोड निघाली. ती प्रत्येक वाक्यात "आम्ही" म्हणायची. आम्ही ठरवले, आम्ही केले. "मी" म्हणणे तिला घमेंड वाटायची. पण समोरच्याला तिचे काम कळायला हवे. आता ती म्हणते, मी दोनदा हळू बोलले, ती माझी चूक. तिसऱ्यांदा स्पष्ट बोलले. त्या दिवसापासून पहिला इशाराच मोठ्याने देते.

इथे बसलेल्या मुलींना एक आठवण देतो. आपली परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती, तेव्हाची गोष्ट. हैदराबादेत जन्मलेल्या उर्दू लेखिका हिजाब इम्तियाज अली यांनी 1936 मध्ये विमान चालवण्याचा परवाना मिळवला. आणि प्रेम माथुर यांना बाई म्हणून अनेक विमान कंपन्यांनी नाकारले, तेव्हा 1947 मध्ये हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने नोकरी दिली. प्रवासी विमान चालवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. तेव्हा "आपल्यात असे नसते" असे कुणी म्हणाले, तर त्यांना हा इतिहास सांगा.

भाचीचे पुढच्या महिन्यात काय होईल ते अल्लाहला ठाऊक. जागा थोड्या आहेत, उमेदवार जगभरचे आहेत. दुआ करा. तिची तयारी मात्र मला उशिरा सुरू झाल्यासारखी वाटते. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी मामूच्या बैठकीत जे शिकावे लागले, ते तिला दुसरीच्या वर्गात शिकता आले असते.

म्हणून आज घरी गेल्यावर एक करा. जेवताना मुलांना विचारा, माझे काय चुकते? आणि उत्तर आले की रागावू नका. मुलगा-मुलगी पुढे वैमानिक होतील, नर्स होतील, ग्रामसेवक होतील, नाहीतर आपल्यासारखे मास्तर होतील. वरिष्ठांसमोर खरे बोलायची वेळ प्रत्येक ठिकाणी येणार आहे.