बाटली ओतण्याआधी बॅटरी बघा

निफाडची थंडी तुम्हाला ठाऊकच आहे. कधी कधी पारा ५ अंशांच्याही खाली जातो. अशाच एका पहाटे आमच्या गटाची पिकअप सुरू होईना. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या भरलेल्या, नाशिकचा बाजार गाठायचा आणि गाडीचा हप्ता चार दिवसांवर आलेला.

कुणीतरी म्हणालं, "डिझेल गोठलंय." उजाडताच आम्ही साडेचारशे रुपयांची औषधाची बाटली आणून टाकीत ओतली. गाडी ढिम्म. दुपारी माल मिळेल त्या भावात गेला. मिस्त्रीनं बघितलं, तर बॅटरी उतरलेली आणि डिझेल फिल्टरात पाणी!

मग आम्ही त्याच्याकडून समजून घेतलं. डिझेलमध्ये मुळातच मेण असतं. कडाक्याच्या थंडीत त्याचे कण धरतात आणि फिल्टर तुंबतो. लडाखमध्ये पारा उणे ३० पर्यंत जातो, तिथं ही अडचण खरी आहे. म्हणून २०१९ मध्ये इंडियन ऑइलनं तिथं उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं डिझेल आणलं. आपल्याकडे हिवाळ्यात पंपावर मिळणारं डिझेल सहसा गोठत नाही.

ते औषध मेणाचे कण मोठे होऊ देत नाही, पण धरलेलं मेण वितळवत नाही. म्हणजे ते थंडी पडण्याआधीच घालायचं असतं. गाडी बंद पडल्यावर ओतून काय उपयोग?

काहीजण रॉकेल मिसळायला सांगतात. ते करू नका. रॉकेलला डिझेलसारखा ओशटपणा नसतो, पंप झिजतो, शिवाय भेसळ हा गुन्हा आहे. टाकीखाली जाळ तर कधीच करू नका.

आता दिवाळी झाली की आम्ही बॅटरी तपासून घेतो. फिल्टरातलं पाणी काढतो. रात्री टाकी भरून ठेवतो, म्हणजे आत दव धरत नाही. पहाटे हिटरचा दिवा विझल्यावरच सेल मारतो.

ते साडेचारशे रुपये आम्ही गटाच्या वहीत 'न विचारता केलेला खर्च' असे लिहिले. खाली सगळ्यांच्या सह्या आहेत. मैत्रिणींनो, गटाचा पैसा घामाचा असतो. घाईच्या वेळीसुद्धा आधी जाणकाराला विचारा, मगच पाकिटात हात घाला.