शिकारीची तयारी



आज आम्ही काळविटाच्या शिकारीविषयी बोलणार आहोत. मात्र कोणी शिकारीस प्रवृत्त व्हावे, असा आमचा हेतू नाही.

१९७० च्या हिवाळ्यात, आम्ही चौथीत असता, आजोबांनी आम्हांस धुळ्याकडील एका माळावर पायी नेले. त्यांच्या तोंडी त्या जिल्ह्याचे ‘पश्चिम खान्देश’ हेच जुने नाव असे. तयारी दोन दिवस चालली. परवाना जवळ आहे ना, हे प्रथम पाहावयाचे. ठासणीची बंदूक पुसावयाची, दारू कोरडी राखावयाची. वहाणा करकरू नयेत म्हणून त्यांस तेल द्यावयाचे. काळविटाची दृष्टी फार तीक्ष्ण, म्हणून पांढरी टोपी घरी ठेवून मातकट कपडे घालावयाचे. शिदोरीस कळण्याची भाकरी, कांदा व ठेचा. पाण्याची छागल वाहण्याचे काम आमच्याकडे होते.

पहाटे माळावर पोचताच आजोबांनी चिमूटभर धूळ उडवून वारा पाहिला. पिळदार शिंगे नराचीच असतात. मादी व पाडस यांवर बंदूक धरावयाची नाही, हे त्यांनी आम्हांस पुन्हा बजावले. दुपारपर्यंत आम्ही ओणव्याने चाललो. अखेर काळा नर टप्प्यात आला. परंतु त्याच्या मागेच एक पाडस उभे होते. आजोबांनी बंदूक खाली घेतली. शाळेत सोबत्यांना काय सांगावे, या विचाराने आम्हांस रडू कोसळले. ते म्हणाले, “बाळा, बंदूक केव्हा चालवू नये, हे कळावे म्हणूनच एवढी तयारी.”

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. आज काळविटाची शिकार केल्यास ३ ते ७ वर्षे कारावास व दंड आहे. आपल्यापैकी अनेकांची शेती आहे. हरणे व रोही उभे पीक खातात, हे दुःख आम्ही जाणतो. परंतु फास किंवा विजेची तार हा त्यावर उपाय नव्हे. त्या तारेने माणसेही मरतात. वन विभागाकडे तातडीने अर्ज करून पंचनामा करवून घ्यावा. अशा नुकसानीस शासन भरपाई देते.

तरुणांनी पूर्वीचीच तयारी करावी. बंदुकीऐवजी दुर्बीण घ्यावी. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात रेहेकुरी येथे १९८० पासून काळविटांचे अभयारण्य आहे. तेथे मुलाबाळांस न्यावे आणि वारा कसा पाहावा, हे त्यांस शिकवावे.