मसाल्याच्या कारखान्यातला विंगर

१९९० सालच्या जुलै महिन्यातली ती रात्र आहे. दोन वाजून गेले होते. शेजारच्या काकांच्या टीव्हीसमोर आम्ही सात-आठ जण सतरंजीवर बसलो होतो. इटलीतल्या तुरिन शहरात इंग्लंड आणि पश्चिम जर्मनी यांचा विश्वचषकाचा उपांत्य सामना बरोबरीत सुटला होता आणि पेनल्ट्या चालू होत्या. जर्मनीच्या चारही गेल्या होत्या, इंग्लंडची एक अडली होती. शेवटची मारायला एक उंच, किंचित पोक काढून चालणारा माणूस आला. मागे मानेवर रुळणारे केस, पुढे आखूड. त्याने धावत येऊन चेंडू मारला आणि तो गोलवरून थेट प्रेक्षकांत गेला. काका टीव्ही बंद करता करता म्हणाले, "कोण रे हा? याला कुणी घेतलं संघात?"

त्याचं नाव ख्रिस वॉडल एवढं मला ठाऊक होतं. काकांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला त्या रात्री देता आलं नाही. तो प्रश्न तसा नवा नव्हता. त्याआधी दहा-बारा वर्षं इंग्लंडच्या ईशान्य कोपऱ्यात पुष्कळ जाणत्या लोकांनी तोच विचारला होता, आणि बहुतेकांनी "नको, याला घ्यायला नको" असंच उत्तर देऊन टाकलं होतं.

वॉडलचा जन्म १४ डिसेंबर १९६० चा, गेट्सहेडजवळच्या फेलिंग गावातला. टाइन नदीच्या दक्षिण काठावर फेलिंग, उत्तर काठावर न्यूकॅसल शहर. कोळशाच्या खाणी, जहाजबांधणीच्या गोद्या, आणि शनिवारी दुपारी तीन वाजता फुटबॉल, असा हा मुलूख. गंमत म्हणजे पुढे न्यूकॅसलचा लाडका झालेला हा मुलगा लहानपणी सुंदरलँडचा पाठीराखा होता. या दोन क्लबांचं वैर काय आहे हे तिथे राहिल्याशिवाय कळत नाही म्हणतात. १९७३ साली दुसऱ्या डिव्हिजनमधल्या सुंदरलँडने बलाढ्य लीड्सला १-० हरवून एफए कप उचलला, तेव्हा वॉडल बारा वर्षांचा होता. त्या वयात आपला संघ असा जिंकला की पोरगा जन्मभराचा त्यांचाच होऊन बसतो.

खेळायला सुरुवात झाली ती पेलॉ ज्युनियर्समध्ये, आणि नंतर एकामागून एक सोशल क्लबांच्या संघांत. हे सोशल क्लब म्हणजे कामगारांच्या वस्तीतले अड्डे. खाली बिअर, पत्ते, डार्ट. रविवारी क्लबच्या नावाने संघ मैदानात. कोल्हापुरात पेठेपेठेत तालीम असते आणि तिचा फुटबॉल संघ असतो, त्याच्याशी हे थोडंफार जुळतं. अशा संघांत खेळणाऱ्या मुलाकडे मोठ्या क्लबचं लक्ष गेलं की ते त्याला चाचणीसाठी बोलावतात. वॉडलला सुंदरलँडने बोलावलं आणि नाही म्हटलं. कॉव्हेंट्री सिटीने बोलावलं आणि त्यांनीही नाही म्हटलं.

त्यांनी नाही का म्हटलं असेल? माझा तर्क असा, की दोष त्याच्या चालण्यात होता. वॉडल मैदानावर खांदे पाडून, मान खाली घालून, जणू कुणी त्याला नको असताना कामाला पाठवलंय अशा थाटात वावरायचा. चाचणीला येणारा मुलगा कसा टुणटुणीत, धडपड्या दिसायला हवा! चाचणी घेणाऱ्यांपुढे एका दिवसात पंचवीस-तीस पोरं असतात, प्रत्येकाला पंधरा-वीस मिनिटं मिळतात. तेवढ्यात डोळ्याला जे दिसतं ते अंगावरचं दिसतं. पायातलं दिसायला वेळ लागतो.

मग तो टो लॉ टाउनमध्ये गेला. डरम परगण्यातल्या उंचवट्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे हजार फुटांवर वसलेलं हे गाव. एकोणिसाव्या शतकात लोखंडाच्या कारखान्याभोवती उभं राहिलं. कारखाना गेला, पण क्लबच्या मैदानाचं नाव अजून 'आयर्नवर्क्स ग्राउंड' असंच आहे. उघड्यावरचं मैदान, आणि वारा असा की उंच मारलेला चेंडू कुठे पडेल हे मारणाऱ्यालाही सांगता येऊ नये. इथला विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने खेळणारा, चेंडू पायाजवळ ठेवायला शिकला नाही तर त्याचा खेळच होत नाही. मला वाटतं, वॉडलच्या पुढच्या ड्रिब्लिंगमध्ये या वाऱ्याचा वाटा आहे. हे कुणी सिद्ध करून दाखवलेलं नाही, मीच म्हणतो आहे.

टो लॉ ज्या नॉर्दर्न लीगमध्ये खेळतो, ती १८८९ साली सुरू झालेली. इंग्लंडमधल्या फुटबॉल लीगांत फक्त एकच तिच्याहून जुनी. कित्येक दशकं ती हौशी खेळाडूंचा बालेकिल्ला होती. हौशी म्हणजे काय, तर पैसे घ्यायचे नाहीत. प्रत्यक्षात सामना संपला की खेळाडूच्या बुटात नोटांची घडी सापडायची. कुणी ठेवली ते विचारायचं नाही, आपण बूट उचलायचे आणि घरी जायचं. १९७४ साली इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने हौशी आणि व्यावसायिक हा भेदच काढून टाकला, तेव्हा कुठे हे नाटक संपलं. वॉडल आला तो त्यानंतर चार वर्षांनी. पण क्लबकडून जे मिळायचं त्यावर पोट भरण्यासारखं नव्हतंच. आठवडाभर दुसरी नोकरी हवी.

ती नोकरी सॉसेजच्या कारखान्यातली, असं इंग्रज वर्तमानपत्रांनी इतक्यांदा छापलंय की आता ती त्याच्या नावाची शेपटीच झाली आहे. बारकाईने पाहिलं तर तो होता सॉसेजसाठी लागणारा मसाला तयार करणाऱ्या कारखान्यात. इंग्रजी सॉसेजमध्ये मिरपूड, सेज नावाचा सुगंधी पाला, जायफळ असं काय काय पडतं. मराठीत सांगायचं तर पोरगा मसाल्याच्या कारखान्यात कामाला होता. दिवसभर नाकात मिरपूड, संध्याकाळी सराव, आणि शनिवारी डोंगरावरच्या वाऱ्यात सामना. अशी दोन वर्षं गेली.

१९८० च्या जुलैत न्यूकॅसल युनायटेडने त्याला उचललं. किंमत १००० पौंड. वय एकोणीस. मोठ्या क्लबांतली मुलं तेव्हा पंधराव्या-सोळाव्या वर्षी आत घेतलेली असायची. एकोणिसाव्या वर्षी व्यावसायिक फुटबॉलमध्ये पहिलं पाऊल टाकणं म्हणजे शाळेत सातवीला प्रवेश घेण्यासारखं. त्यातून न्यूकॅसलचे दिवस वाईट. १९७८ साली पहिल्या डिव्हिजनमधून घसरलेला क्लब, तिजोरीत खडखडाट, आणि मैदानाच्या पायऱ्यांवर माणसापेक्षा सिमेंट जास्त दिसायचं. वॉडलला घेतलं बिल मॅकगॅरी या मॅनेजरने, आणि पुढच्याच महिन्यात मॅकगॅरीची गच्छंती झाली. ज्याने आणलं तोच गेला, की आणलेल्या पोराचं काय होतं ते नोकरी केलेल्या कुणालाही सांगायला नको.

त्याचं नशीब असं, की नवा मॅनेजर आर्थर कॉक्स आला. कॉक्स म्हणजे कडक शिस्तीचा माणूस. असा माणूस या झोपाळू दिसणाऱ्या पोराला आधी घरी पाठवेल असंच कुणालाही वाटलं असतं. पण कॉक्सने ऑक्टोबरमध्ये श्रूजबरी टाउनविरुद्ध त्याला मैदानात उतरवलं. त्या मोसमात वॉडल लीगचे १३ सामने खेळला आणि त्याने एक गोल केला. एफए कपमध्ये तिसऱ्या डिव्हिजनमधल्या एक्सेटरने न्यूकॅसलला ४-० असं धुतलं ते याच मोसमात. पुढच्या वर्षी कॉक्सने त्याला लीगच्या ४२ पैकी ४२ सामन्यांत खेळवलं. गोल सात. आकडा फार मोठा नाही. पण वीस-एकवीस वर्षांच्या पोराला सगळेच्या सगळे सामने देणं, चुका करू देणं, पुढच्या शनिवारी पुन्हा उतरवणं, ही चैन वरच्या डिव्हिजनमधल्या क्लबला परवडली नसती. खालच्या डिव्हिजनचं मोठेपण मला इथे दिसतं.

त्या ४२ सामन्यांत तो काय करत होता हे जरा जवळून पाहू. विंगर टचलाइनला चिकटून उभा. चेंडू त्याच्याकडे येतो, समोर त्याला अडवणारा फुलबॅक. वॉडल चेंडू घेऊन रमतगमत, जवळजवळ चालतच त्याच्या अंगावर जातो. फुलबॅकला वाटतं, याला घाई नाही, आपण थांबू. मग वॉडलचा एक खांदा पडतो. फुलबॅकचं वजन त्या बाजूच्या पायावर जातं. जिवंत माणसाला ते टाळता येत नाही. आणि त्याच क्षणी चेंडू दुसऱ्या बाजूने निघून गेलेला असतो, आणि मघाचा झोपाळू माणूस दोन पावलांत पूर्ण वेगात. म्हणजे चाचणीवाल्यांनी ज्या पडेल खांद्यांना नापास केलं, तीच त्याची हुलकावणी होती. तेव्हाची मैदानं हिवाळ्यात नुसता चिखल असायची, आणि मागून येऊन पाय घालणाऱ्याला आजच्याइतकी कडक शिक्षा नसे. त्यातून तो उठायचा, पायमोजे वर करायचा, की पुन्हा तीच संथ चाल.

१९८२ च्या ऑगस्टमध्ये न्यूकॅसलने केविन कीगनला आणलं. इंग्लंडचा माजी कर्णधार, दोनदा युरोपातला सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरलेला, तो दुसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळायला आला. एक लाख पौंड. त्याच्या पहिल्या सामन्याला ३६ हजारांच्या आसपास माणसं लोटली आणि गोलही त्यानेच केला. मोठा माणूस आला की आधीचे झाकोळून जातात. वॉडलच्या बाबतीत उलटं झालं. विरोधी संघांचे दोन-दोन बचावपटू कीगनच्या मागे लागले आणि टचलाइनवर वॉडलला मोकळं रान मिळालं. वर्षभराने पीटर बियर्डस्ली आला. तोही याच मुलखातला. कॅनडातल्या व्हँकुव्हर क्लबकडून त्याला दीड लाख पौंडांना परत आणावं लागलं, म्हणजे घरचं पोर बाहेर जाऊ द्यायचं आणि मग पैसे मोजून आणायचं, हा न्यूकॅसलचा जुना खाक्या.

१९८३-८४ च्या मोसमात लीगमध्ये कीगनचे २७, बियर्डस्लीचे २० आणि वॉडलचे १८ गोल झाले. क्लब तिसरा येऊन वर चढला. १२ मे १९८४ ला ब्रायटनविरुद्ध शेवटचा सामना ३-१ जिंकला. गोल कीगन, वॉडल, बियर्डस्ली, एकेक. धावफलकावर तीन नावं शेजारीशेजारी: एक लाखाचा, हजाराचा आणि दीड लाखाचा.

काही दिवसांनी कीगनच्या निरोपाचा सामना झाला आणि तो मैदानातूनच हेलिकॉप्टरने उडून गेला. इंग्रजांना इतका नाटकीपणा सहसा झेपत नाही, पण त्या दिवशी झेपला. कॉक्सही क्लब सोडून गेला. नवा मॅनेजर जॅक चार्ल्टन. त्या सप्टेंबरमध्ये लंडनला क्वीन्स पार्क रेंजर्सच्या प्लास्टिकच्या मैदानावर न्यूकॅसल मध्यंतराला ४-० पुढे होता, त्यातले तीन गोल एकट्या वॉडलचे. चिखल नाही, वारा नाही, चेंडू जिथे ठेवाल तिथे राहतो. टो लॉच्या पोराला आणखी काय हवं? तो सामना सुटला ५-५! बरोबरीचा गोल अगदी शेवटी बसला. त्याच मोसमात, मार्च १९८५ मध्ये, वेम्बलीवर आयर्लंडविरुद्ध त्याला इंग्लंडची टोपी मिळाली, आणि जुलैत टॉटनहॅमने त्याला ५ लाख ९० हजार पौंडांना नेलं. न्यूकॅसलसाठी लीगचे १७० सामने, ४६ गोल. कारखाना सोडून बरोबर पाच वर्षं झाली होती.

तर काका, त्याला संघात कुणी घेतलं ते असं. उत्तर लांबलं खरं. त्या रात्री दोन वाजता तुम्ही ते ऐकून घेतलं नसतंत, आणि आता आमच्या निर्मात्यांनी काचेपलीकडून मला घड्याळ दाखवलं आहे.