दगड झालेली झाडे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त अण्णा नगर येथे दिलेले भाषण)



मी भूशास्त्रज्ञ नव्हे. कलाशाखेचा पदवीधर आणि केंद्र सरकारचा एक सेवक, एवढाच माझा अधिकार. तथापि आपली सुवर्णमहोत्सवी सहल तिरुवक्करैला जाणार असल्याने त्या स्थळाविषयी चार शब्द सांगण्याची आज्ञा झाली आहे.

विळुप्पुरम जिल्ह्यातील या गावी चंद्रमौळीश्वराच्या दर्शनाला आपल्यापैकी काहीजण गेले असतील. देवळापासून जवळच, माळावर, सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीचे वृक्ष आडवे पडले आहेत. तमिळमध्ये त्यांना ‘कल्मरम्’, म्हणजे दगडी झाड, म्हणतात. दुरून पाहावे तो लाकडाचा ओंडका. तंतू, गाठी सारे जागच्या जागी. हात लावावा तो गारगोटी! चाकूने ओरखडाही उठत नाही.

हे घडले कसे? या खोडांना फांद्या, मुळ्या वा साल आढळत नाही. त्यावरून ती येथे वाढलेली नसून नदीच्या प्रवाहाबरोबर वाहत आली असावीत, असे तज्ज्ञ मानतात. वाळूगाळाखाली ती लवकर गाडली गेली. हवेचा संपर्क तुटल्याने कुजण्याची क्रिया मंदावली. पुढे भूजलात विरघळलेली सिलिका पेशीपेशींत झिरपून साचू लागली. लाकूड क्रमाक्रमाने नाहीसे झाले. त्याची घडण मात्र दगडात उतरली. लोहाच्या अंशाने तिला तांबूस, पिवळी छटा आली. पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्या वृक्षाचे कूळ आजही ओळखता येते.

पेरांबलूर जिल्ह्यात सात्तनूर येथे असेच १८ मीटर लांबीचे खोड आहे, ते डॉ. एम. एस. कृष्णन यांनी १९४० साली उजेडात आणले. आपल्या गडचिरोलीतही, सिरोंचा तालुक्यात, असे अश्मीभूत वृक्ष सापडतात.

आता एक कबुली. पहिल्या भेटीत मी तेथील बोटभर तुकडा खिशात घातला आणि घरी काचेच्या कपाटात मांडला. एका पाहुण्याने विचारले, “हा कोणत्या झाडाचा?” मला सांगता येईना. तो कोणत्या खोडाशी पडला होता, हेही आठवेना. जागेवर असताना तो पुरावा होता. माझ्या कपाटात तो केवळ खडा झाला. पुढच्या खेपेस मी तो तेथील रखवालदाराच्या हाती दिला. त्याने काही विचारले नाही, याचीच मला अधिक लाज वाटली.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने या स्थळास राष्ट्रीय स्मारक मानले आहे. परंतु प्रत्येकाने एकेक तुकडा उचलला, तर दोन कोटी वर्षे टिकलेले धन आपल्या नातवंडांपर्यंतही पोहोचणार नाही. म्हणून सहलीस जाणाऱ्यांना माझी विनंती एवढीच, की मुलांना ती झाडे मनसोक्त पाहू द्यावीत, आणि परतताना सर्वांचे खिसे रिकामे असावेत.